विश्लेषण : चांदीच्या कणाजवळ रंग उजळतो, मग चिकटताच का विझतो?

पितळेच्या भांड्याला कल्हई का लावायची, हे भंडाऱ्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. पितळी भांड्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या शहरातील जुन्या पिढीने भांडे तापवून त्यावर नवसागर टाकताना आणि वितळलेले कथील कापसाच्या बोळ्याने फिरवताना अनेकदा पाहिले आहे. धातू हवा, पण त्याचा चिंचेच्या आमटीशी थेट स्पर्श नको. म्हणून मध्ये पातळ थर. स्पर्श झाला की पदार्थ कळकतो. नेमका हाच धडा प्रकाशाच्या विज्ञानालाही शिकावा लागला. चांदी किंवा सोन्याचा अतिसूक्ष्म कण चमकणाऱ्या रंगाजवळ आणला की रंग अनेक पटींनी उजळतो. तोच कण रंगाला चिकटला की रंग विझतो. मधले अंतर असते नॅनोमीटरमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागात. या उजळण्या-विझण्यावर रक्ततपासणीच्या नव्या पद्धती उभ्या राहत आहेत. सिकलसेलच्या पट्ट्यात येणाऱ्या पूर्व विदर्भासाठी हा विषय म्हणूनच केवळ प्रयोगशाळेपुरता नाही.

रंग ‘चमकतो’ म्हणजे नेमके काय होते?

नोट खरी की खोटी हे पाहण्यासाठी दुकानदार ती निळसर-जांभळ्या दिव्याखाली धरतो, तेव्हा नोटेवरचे काही धागे आणि अंक उजळून निघतात. त्याच दिव्यात साबणाने धुतलेला पांढरा सदराही निळसर चमकतो, कारण धुण्याच्या पावडरमध्ये तशी चमक देणारी द्रव्ये असतात. चिमूटभर हळद स्पिरिटमध्ये घालून त्यावर हा प्रकाश टाकला, तर द्रावण हिरवट-पिवळे उजळते. या गुणधर्माला फ्लुरोसन्स, मराठीत अनुस्फुरण म्हणतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ मध्ये त्याचे वर्णन करून त्याला नाव दिले.

यात रंगाचा रेणू प्रकाशाचा एक कण गिळतो, त्याची ऊर्जा वाढते आणि काही नॅनोसेकंदांत तो ती ऊर्जा पुन्हा प्रकाशरूपात बाहेर टाकतो. एक नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा शंभर कोटीवा भाग. गिळलेल्या ऊर्जेचा थोडा भाग उष्णतेत जातो, म्हणून बाहेर पडणारा प्रकाश कमी ऊर्जेचा असतो. रोडामाइन ६जी हा रंग हिरवा प्रकाश गिळून पिवळा-नारिंगी प्रकाश देतो, तो याचमुळे. मात्र प्रत्येक गिळलेला कण प्रकाश होऊन परत येतोच असे नाही. रोडामाइन ६जीचे रेणू शंभरपैकी सुमारे ९५ वेळा प्रकाश देतात. काही रंग मात्र शंभरात दोन-तीन वेळाच चमकतात आणि उरलेली ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. पुढची सारी गोष्ट या हिशेबावर उभी आहे.

धातूचा कण एवढा लहान केला की काय बदलते?

सोन्याची अंगठी पिवळी दिसते; पण त्याच सोन्याचे २० नॅनोमीटरचे कण पाण्यात तरंगत असतील, तर ते पाणी माणकासारखे लाल दिसते. मायकेल फॅरेडे यांनी १८५७ मध्ये असे लाल द्रावण तयार करून त्याचा रंग सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांमुळे येतो, असे मांडले होते. आकारमानाचा अंदाज घ्यायचा, तर तांदळाच्या सहा मिलिमीटरच्या दाण्यावर असे तीन लाख कण एका ओळीत बसतील.

धातूमध्ये मोकळे इलेक्ट्रॉन असतात. कण प्रकाशाच्या लहरीपेक्षा बराच लहान असेल, तर प्रकाश पडताच त्यातील सारे मोकळे इलेक्ट्रॉन एका तालात पुढे-मागे हिंदकळतात. घागरीतले पाणी ठरावीक तालात हलवले की जोरात उसळते, तसे. या सामूहिक हिंदकळण्याला प्लाझ्मॉन म्हणतात. प्रत्येक धातूचा ताल वेगळा. सोन्याच्या लहान गोल कणांचा ताल सुमारे ५२० नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशाशी जुळतो. हिरवा प्रकाश शोषला गेला की उरते ती लाली. चांदीच्या कणांचा ताल ४०० नॅनोमीटरच्या आसपास, जांभळ्या प्रकाशाशी जुळतो, म्हणून चांदीचे द्रावण पिवळे दिसते.

हे सोने आपल्या ओळखीचे आहे. गर्भधारणा चाचणीच्या पट्टीवर उमटणारी लाल रेघ, आशा सेविका मलेरियासाठी वापरतात त्या झटपट चाचणीतली रेघ, करोनाकाळात घराघरांत पोहोचलेल्या अँटिजेन चाचणीची रेघ. या बहुतेक रेघा सोन्याच्या नॅनोकणांच्याच असतात.

कण शेजारी आला की रंग अधिक का उजळतो?

त्याची कारणे दोन. पहिले, हिंदकळणारे इलेक्ट्रॉन आजूबाजूचा प्रकाश कणाच्या पृष्ठभागाजवळ गोळा करतात. छपरावरच्या अँटेनाने हवेत विखुरलेला संदेश टिपून दूरचित्रवाणी संचाला द्यावा, तसे हे काम चालते. कणाजवळच्या रेणूला त्यामुळे एरवीपेक्षा कितीतरी अधिक प्रकाश मिळतो आणि तो वरचेवर उत्तेजित होतो.

दुसरे कारण कमी परिचित, पण अधिक महत्त्वाचे. उत्तेजित रेणू आपला प्रकाश किती लवकर सोडेल, हे केवळ रेणूवर ठरत नाही. त्याच्या परिसरावरही ठरते. ही कल्पना एडवर्ड पर्सेल यांनी १९४६ मध्ये मांडली. धातूचा कण जवळ असेल, तर रेणूला प्रकाश सोडण्याची वाट मोकळी होते. एरवी चार नॅनोसेकंद थांबणारा रेणू त्याच्या काही अंश वेळातच मोकळा होतो आणि पुढचा प्रकाशकण गिळायला तयार होतो. याचा आणखी एक लाभ म्हणजे रंगाचा टिकाऊपणा. उत्तेजित अवस्थेत ताटकळणाऱ्या रेणूवर ऑक्सिजनची क्रिया होऊन तो कायमचा निकामी होऊ शकतो. तो जितका कमी ताटकळेल, तितके प्रकाशकण तो आयुष्यभरात अधिक देऊ शकतो.

मग चिकटल्यावर तो विझतो का?

कारण प्रकाशाखेरीज ऊर्जेला जाण्यासाठी दुसरी वाटही असते, ती थेट धातूत. रेणू धातूला अगदी खेटून असला, की त्याची ऊर्जा प्रकाश होण्याआधीच धातूतले इलेक्ट्रॉन ओढून घेतात आणि ती उष्णता होऊन संपते. प्रकाश गोळा होण्याचा लाभ कणापासून दूर जाताना हळूहळू घटतो. ऊर्जा गिळली जाण्याचा तोटा मात्र अंतर वाढताच फार झपाट्याने घटतो. म्हणजे पृष्ठभागाला चिकटून तोटा जास्त, फार दूर गेल्यावर लाभच नाही आणि मध्ये कुठेतरी एक सोयीची जागा. बहुतेक प्रयोगांत ती सुमारे ५ ते १५ नॅनोमीटरच्या पट्ट्यात सापडते.

थंडीतल्या शेकोटीजवळ बसणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. फार लांब बसले तर ऊब नाही, निखाऱ्याला हात लावला तर चटका. येथे फरक इतकाच, की योग्य जागा आणि चटका यांच्यातले अंतर काही रेणूंच्या जाडीइतके असते.

म्हणून संशोधकही कल्हईच करतात. चांदीच्या किंवा सोन्याच्या कणावर ते सिलिकाचा, म्हणजे वाळूत असते त्याच द्रव्याचा, काही नॅनोमीटर जाडीचा थर चढवतात आणि रंग त्या थराच्या बाहेर बसवतात. काही ठिकाणी डीएनएचाच मोजपट्टीसारखा उपयोग होतो. डीएनएच्या शिडीतल्या दोन पायऱ्यांमधले अंतर ०.३४ नॅनोमीटर असते, म्हणजे ३० पायऱ्यांची शिडी रंगाला कणापासून साधारण १० नॅनोमीटरवर धरते. रक्ततपासणीत वापरले जाणारे प्रतिपिंडही साधारण १० नॅनोमीटरचे असते. ते कण आणि रंग यांच्यामध्ये आपसूकच अंतर राखते.

हे कोणी, केव्हा मोजले?

जर्मन शास्त्रज्ञ कार्ल ड्रेक्सहागे यांनी १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात धातूच्या आरशावर मेदाम्लाचे एकेक रेणू जाडीचे थर रचले आणि त्यावर युरोपियमयुक्त चमकणारे द्रव्य ठेवले. थर वाढवत नेले तसा रेणूंचा चमकण्याचा कालावधी कमी-जास्त होत गेला. रेणू तोच, फक्त आरशापासूनचे अंतर वेगळे. चमक हा रेणूचा अढळ गुणधर्म नाही, हे त्यातून प्रत्यक्ष दिसले. १९७८ मध्ये चान्स, प्रॉक आणि सिल्बी यांनी या वर्तनाचे गणित सविस्तर मांडले.

एकच कण आणि एकच रेणू घेऊन निर्णायक मोजणी व्हायला २००६ उजाडले. अमेरिकेत रॉचेस्टर येथे अँगर, भारद्वाज आणि नोव्होत्नी यांनी ८० नॅनोमीटरचा सोन्याचा कण सुईच्या टोकावर बसवून रंगाच्या एकाच रेणूकडे हळूहळू नेला. चमक आधी वाढत गेली, कळसाला पोहोचली आणि शेवटच्या काही नॅनोमीटरमध्ये कोसळली. उजळणे आणि विझणे ही एकाच घडामोडीची दोन टोके आहेत, हे एकाच आलेखात दिसले. त्याच वर्षी झुरिचमध्ये वाहिद संदोघदार यांच्या गटाने सोन्याच्या कणाजवळ एका रेणूची चमक जवळपास २० पट वाढलेली नोंदवली.

या वाढीचा वैद्यकीय तपासणीसाठी उपयोग करता येईल, हा विचार अमेरिकेतील मेरिलँड विद्यापीठाचे जोसेफ लॅकोविझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच शतकाच्या सुरुवातीला नेटाने पुढे नेला.

सोने, चांदी की भंडाऱ्याचे पितळ?

हा प्रश्न भंडारेकराला पडणे साहजिक आहे. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. तांब्याच्या नॅनोकणांतही प्लाझ्मॉन असतो आणि तो तांबूस-पिवळ्या प्रकाशाशी जुळतो. पण तांबे हवेत लवकर ऑक्सिडाइज होते. घरचा तांब्या काळवंडला तर चिंच-मीठ लावून घासता येतो. ५० नॅनोमीटरचा कण काळवंडला तर घासायला काही उरत नाही. जस्ताचा ताल दृश्य प्रकाशाच्या पलीकडे, अतिनील भागात आहे. त्यामुळे भांड्यांच्या धंद्यात मानाचे असलेले पितळ येथे मागे पडते.

चांदी प्रकाशाच्या कामात सर्वांत कार्यक्षम, कारण ती ऊर्जा कमी वाया घालवते. पण हवेतल्या गंधकाने ती काळी पडते. पेटीत ठेवलेल्या पैंजणांचा अनुभव सर्वांना आहे. सोने टिकाऊ आणि शरीरातल्या द्रव्यांशी जुळवून घेणारे. मात्र निळ्या-हिरव्या प्रकाशात ते स्वतःच बरीच ऊर्जा गिळते. म्हणून निळ्या-हिरव्या रंगांसाठी चांदी आणि लाल किंवा त्यापलीकडच्या रंगांसाठी सोने, असा ढोबळ ठोकताळा आहे.

आकारमानही तितकेच निर्णायक. कण प्रकाशाला दोन तऱ्हेने हाताळतो, गिळतो किंवा उधळतो. गिळण्याची क्षमता कणाच्या घनफळाच्या प्रमाणात वाढते, उधळण्याची मात्र घनफळाच्या वर्गाच्या प्रमाणात. कणाचा व्यास दुप्पट केला तर गिळणे ८ पट आणि उधळणे ६४ पट होते. त्यामुळे १०-१५ नॅनोमीटरचे बारीक कण मुख्यतः विझवतात आणि ५० ते १०० नॅनोमीटरचे कण योग्य अंतरावर उजळवतात.

‘हजार पट’ उजेडाच्या दाव्यांचा अर्थ कसा लावायचा?

२००९ मध्ये अनिका किंखाबवाला आणि सहकाऱ्यांनी सोन्याच्या दोन त्रिकोणांच्या टोकांमधल्या फटीत एका रेणूची चमक तब्बल १,३४० पट वाढल्याचे दाखवले. २०१२ मध्ये डीएनएच्या घडीव खांबाला सोन्याचे दोन कण बांधून त्यांच्यामध्ये ठेवलेल्या रंगाची चमक ११७ पट वाढल्याचे प्रसिद्ध झाले. आकडे खरे आहेत. पण ते वाचताना रंग मुळात किती चमकणारा होता, हे विचारले पाहिजे.

शंभरपैकी ९५ वेळा प्रकाश देणाऱ्या रंगाला कितीही मदत केली, तरी तो शंभराच्या पुढे जाऊ शकत नाही. तेथे वाव पाच टक्क्यांचाच. शंभरात अडीच वेळा चमकणाऱ्या रंगाला मात्र याच बाबतीत ४० पटींपर्यंत वाव असतो. १,३४० पटींच्या प्रयोगातला रंग मुद्दाम असा, अडीच टक्क्यांचा निवडला होता. मंद दिव्याची वात सारली की फरक डोळ्यांत भरतो, आधीच लख्ख असलेल्या दिव्याची सारली तर नाही. शिवाय हे आकडे योग्य जागी, योग्य दिशेने बसलेल्या एकेका रेणूचे असतात. द्रावणात कोट्यवधी रेणू विखुरलेले असतात. काही चिकटून विझलेले, काही फार दूर, थोडेच नेमक्या जागी. त्यामुळे प्रत्यक्ष चाचणीत मिळणारी सरासरी वाढ बरीच कमी असते. तरीही काही पटींची खरी, दर वेळी सारखी मिळणारी वाढ तपासणीसाठी मोलाची असते.

विझवण्याचाही उपयोग होतो तो कसा?

उजेड मोजण्यासाठी काळोख लागतो. चाचणीत मागची चमक जितकी कमी, तितका खरा संकेत स्पष्ट. १९९६ मध्ये संजय त्यागी आणि फ्रेड क्रॅमर यांनी न्यूयॉर्कमध्ये ‘मॉलिक्युलर बीकन’ तयार केले. हा डीएनएचा छोटा धागा केसांच्या आकड्यासारखा दुमडलेला असतो. एका टोकाला चमकणारा रंग, दुसऱ्या टोकाला चमक विझवणारे द्रव्य. दुमडलेल्या अवस्थेत दोन्ही टोके शेजारी, म्हणून काळोख. धाग्याच्या मजकुराशी तंतोतंत जुळणारा डीएनए समोर आला की धागा उलगडून त्याला बिलगतो, टोके दूर जातात आणि रंग चमकतो.

२००१ मध्ये दुबेर्त्रे, कलाम आणि लिबशाबेर यांनी विझवण्याचे काम सोन्याच्या सुमारे १.४ नॅनोमीटरच्या कणाकडे दिले. सोन्याने ९९ टक्क्यांहून अधिक चमक विझवली. काळोख गडद झाल्यामुळे डीएनएतला एका अक्षराचा फरकही अधिक ठळकपणे ओळखता आला.

भंडाऱ्याशी याचा संबंध काय?

सिकलसेल हा एका अक्षराच्या चुकीचाच आजार आहे. हिमोग्लोबिनची बीटा साखळी बनवणाऱ्या जनुकात एका ठिकाणी ‘जीएजी’ऐवजी ‘जीटीजी’ येते. त्यामुळे साखळीत ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन बसते. ऑक्सिजन कमी झाला की तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि रुग्णाला असह्य वेदनांचे झटके येतात. मध्य भारतात हा दोष असल्याचे नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये नोंदवले होते. भंडारा, गोंदिया, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली हा त्याचा पट्टा. केंद्राने १ जुलै २०२३ रोजी सुरू केलेल्या सिकलसेल निर्मूलन मोहिमेत प्रभावित भागांतील ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांच्या तपासणीचे आणि २०४७ पर्यंत निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवण्यात आले.

गावपातळीवर पहिली चाळणी म्हणून सोल्युबिलिटी चाचणी वापरली जाते. रक्ताचा थेंब द्रावणात टाकायचा. नळीमागच्या रेघा दिसेनाशा झाल्या, तर सिकल हिमोग्लोबिन आहे. स्वस्त आणि सोपी; पण ती वाहक म्हणजे ‘एएस’ आणि रुग्ण म्हणजे ‘एसएस’ यांत भेद करत नाही. त्यासाठी नमुना इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी यंत्र असलेल्या प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. नवजात बाळाच्या रक्तात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन भरपूर आणि सिकल हिमोग्लोबिन थोडे असते, त्यामुळे पहिल्या सहा महिन्यांत ही चाचणी भरवशाची नसते. आणि तेच महिने मोलाचे असतात. अमेरिकेत १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सिकलसेल असलेल्या लहान मुलांना रोज पेनिसिलिन दिल्याने न्यूमोकोकसच्या गंभीर संसर्गाचे प्रमाण ८४ टक्क्यांनी घटले होते. निदान लवकर झाले, तरच हे औषध वेळेवर सुरू होते.

डीएनए मात्र जन्मल्या दिवसापासून तोच असतो. निरोगी अक्षर ओळखणारा एक बीकन एका रंगाचा, दोष ओळखणारा दुसऱ्या रंगाचा ठेवला, तर उत्तर रंगातच मिळते. फक्त पहिला चमकला तर निरोगी, फक्त दुसरा तर रुग्ण, दोन्ही चमकले तर वाहक. सोन्याचे विझवणे आणि चांदीचे उजळवणे या दोन्हींचे आकर्षण येथे आहे. कमी रक्तात, साध्या उपकरणावर, एका अक्षराचा फरक दिसावा, ही अपेक्षा.

मग हे तंत्र आरोग्य केंद्रात अजून का नाही?

सोन्याची किंमत हे कारण नाही. एका चाचणीला लागणारे सोने नगण्य असते. अडचणी वेगळ्या आहेत. पहिली, सातत्य. थराची जाडी दोन-तीन नॅनोमीटरने चुकली, तरी उजळणारा कण विझवणारा होऊ शकतो. प्रयोगशाळेतला एक उत्तम नमुना आणि कारखान्यातल्या लाखो सारख्या पट्ट्या यांत मोठे अंतर आहे. दुसरी, रक्त. त्यातील क्षारांमुळे कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात आणि प्रथिने कणांवर लेप चढवतात. तिसरी, हवामान. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जाणाऱ्या भागात रंग आणि प्रतिपिंडे खराब होऊ नयेत, चांदी काळी पडू नये, हे सांभाळावे लागते. चौथी, वाचक यंत्र. लाल रेघ डोळ्यांनी दिसते. फ्लुरोसन्सला दिवा, गाळणी आणि प्रकाश मोजणारा संवेदक लागतो. पाचवी, डीएनए चाचणीत बहुतेकदा आधी डीएनएच्या प्रती वाढवाव्या लागतात. ही पायरी वगळता येईल इतकी चमक वाढवणे, हेच या क्षेत्रातले मोठे आव्हान आहे.

तोवर सोल्युबिलिटी, इलेक्ट्रोफोरेसिस आणि एचपीएलसी याच तपासण्या खात्रीच्या आहेत. नव्या तंत्राच्या बातमीमुळे आजची तपासणी लांबणीवर टाकणे योग्य नाही.

महाराष्ट्रात या क्षेत्रात काय काम झाले?

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटाने २००४ मध्ये गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे त्रिकोणी नॅनोकण तयार केले. हे काम ‘नेचर मटेरियल्स’मध्ये प्रसिद्ध झाले. कणाचा आकार बदलला की त्याचा प्रकाशाशी जुळणारा ताल बदलतो, म्हणून त्रिकोणांना महत्त्व. पुण्याच्याच ‘आयसर’मध्ये जी. व्ही. पवन कुमार यांचा गट चांदीच्या नॅनोतारा आणि रेणू यांच्या प्रकाशावर काम करतो. सोन्याचा पापुद्रा आणि त्यावर ठेवलेली चांदीची तार यांच्या फटीतील रंगाचे रेणू कोणत्या दिशेने प्रकाश टाकतात, याचा त्यांचा अभ्यास २०१८ मध्ये ‘नॅनो लेटर्स’मध्ये आला. प्रकाश फक्त वाढवून भागत नाही, तो संवेदकाकडे वळवावाही लागतो. दुसरीकडे हिमोग्लोबिनच्या विकारांसाठी चंद्रपूरला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे केंद्र आहे. एका टोकाला प्रकाशाचे भौतिकशास्त्र आणि दुसऱ्या टोकाला रुग्ण, अशी दोन्ही टोके राज्यातच आहेत.

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत हे पाहता येईल का?

मूळ परिणाम पाहायला मोठे यंत्र लागत नाही. सिल्व्हर नायट्रेट आणि सोडियम सायट्रेट उकळून चांदीचे पिवळसर द्रावण करण्याची पद्धत पदवीच्या विद्यार्थ्यांना जमण्याजोगी आहे. त्यात चमकणारा रंग थोडा-थोडा मिसळून चमक मोजता येते. येथे एक चूक मात्र हमखास होते. चमक कमी झाली की ‘कणांनी रंग विझवला’ असा निष्कर्ष घाईने काढला जातो. वस्तुतः पिवळे द्रावण स्वतःच दिव्याचा आणि रंगाचा थोडा प्रकाश गिळत असते. रंगीत काचेमागचा दिवा मंद दिसतो, याचा अर्थ वात विझली असा होत नाही. हा भाग वजा केल्याशिवाय, आणि शक्य असेल तर रेणूच्या चमकण्याचा कालावधी मोजल्याशिवाय, विझण्याचा दावा टिकत नाही.

एका अक्षराचा फरक ओळखू पाहणाऱ्या तंत्राला ही काटेकोरता पहिल्या पायरीपासून हवी. कल्हई कुठे पातळ राहिली हे भांड्याला महिनाभराने कळते. येथे दोन नॅनोमीटरची चूक बाळाच्या तपासणीचा निकाल बदलू शकते.